आईस्क्रीमच्या फ्रीझरमधली जोडी

सुजाता, तुझ्या शोकसभेत सगळे म्हणाले, मॅडम फार हसतमुख होत्या. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. हसतमुख? तू? दारात चप्पल वाजली तरी जिच्या खोलीतून ‘कोण आहे?’ असा आवाज यायचा, ती? मग म्हणाले शांत होत्या, मनमिळाऊ होत्या, कोणाशी कधी वाद नाही. मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या शोकसभेला येऊन बसलो. आयुष्यभर तू त्या तळमजल्यावरच्या खोलीत कशाच्या मागे लागली होतीस, हे एकालाही सांगता आलं नाही. एक जण म्हणाला, धातूंवर काहीतरी संशोधन करायच्या. काहीतरी! उठून निघून जावंसं वाटलं. पण पुढे तुझ्या आई बसल्या होत्या, त्यांच्या पाठीकडे बघत बसून राहिले.

त्या वेळी तुझा फ्रीझर बंद पडलेला होता. मला ते माहीत नव्हतं. त्याचं पुढे सांगते. आत्ताच सुरू केलं तर नुसता संताप निघेल आणि बाकीचं राहून जाईल.

तू काय करतेस ते तू आईंना एकदा सांगितलं होतंस, त्याच्याहून सोपं करून कोणी सांगितलेलं मी अजून ऐकलेलं नाही. नागपुरात इंदोऱ्यातलं तुमचं घर, आई भाकरी थापत होत्या आणि आपण दोघी खाली ताटं घेऊन बसलो होतो. आईंनी विचारलं, दिवसभर त्या खोलीत करते तरी काय तू? तू ताटातलं चिमूटभर मीठ बोटावर घेतलंस. म्हणालीस, यात सोडियम असते. आमच्याकडे एका वेगळ्या जातीचं सोडियम आहे, त्याच्या मिठाचा एक थेंब पातळ कागदासारख्या पापुद्र्यात वाळवून बंद करून ठेवला आहे. त्यातून सारखा एक कण बाहेर पडतो, पॉझिट्रॉन. इलेक्ट्रॉनचा उलटा भाऊ. धातूत तर इलेक्ट्रॉनची गर्दीच गर्दी. हा आत शिरतो, थोडा फिरतो, एका इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघंही संपतात. उरतं काहीच नाही, फक्त दोन किरण दोन उलट्या दिशांना निघून जातात.

आईंनी भाकरी उलटली. “मंग तुले काय भेटते त्याच्यात?”

किती वेळ जगला ते भेटते, असं तू सांगितलंस. आत धातूच्या रांगेत एखाद्या अणूची जागा रिकामी असली, तर तो तिथे जाऊन बसतो. तिथे गर्दी कमी, म्हणून जरासा जास्त जगतो. डोळ्याची पापणी लवते त्याच्या अब्जाव्या हिश्श्याएवढा वेळ, पण तेवढा फरक आपल्याला मोजता येतो. मग माझ्याकडे बोट करून म्हणालीस, हिच्या उमरेडच्या एस.टी.त चढलेल्या माणसासारखा असतो तो, रिकामी सीट दिसली की मागंपुढं पाहत नाही.

“जगला तं जगला,” आई म्हणाल्या. “शेवटी मरतेच ना?”

“मरतेच. मेल्याशिवाय कळतच नाही तो कुठं बसला होता ते.”

तेव्हा आपण तिघी हसलो होतो. आईंनी माझ्या ताटात गरम भाकरी टाकली आणि वरून तिखटाचा गोळा दिला. 

आपली गाठ पडली ती त्या कळमेश्वरच्या कारखानदारामुळे. तो अॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या पट्ट्या काढायचा. माझ्या कॉलेजात येऊन तावातावानं विचारू लागला, मॅडम, उन्हाळ्यातला माल नरम काहून येते? तीच भट्टी, तेच माणसं, तोच माल. मी मिश्रधातूवाली. मला माहीत होतं की अॅल्युमिनियम एकटं असलं तर भातुकलीच्या भांड्यासारखं मऊ असतं. त्यात चिमूटभर मॅग्नेशियम आणि सिलिकॉन टाकायचं, खूप तापवायचं, एकदम थंड करायचं आणि मग बेताच्या आचेवर शेकायचं. ते परके अणू हळूहळू एकत्र येतात आणि आत बारीक कण धरतात, साध्या सूक्ष्मदर्शकातून न दिसणारे. त्या कणांमुळे धातूला ताकद येते. शेकायच्या आधी माल नुसता पडून राहिला, तर खोलीतल्या उबेनंच भलतेच कण आधी धरून बसतात आणि पुढचं शेकणं वाया जातं. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘सामान्य तापमानाला’ अमुक वेळ चालेल. तू म्हणालीस, पुस्तक लिहिणाऱ्यानं नागपूरची खोली पाहिली नाही. कारखानदाराला आपण सांगितलं की उन्हाळ्यात माल पडू देऊ नका, लगेच शेका. तो खूश होऊन गेला आणि आपण दोघी भांडत राहिलो.

भांडण एकच होतं, आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. तू म्हणायचीस, कण धरला की तो एकटाच पॉझिट्रॉनला पकडून ठेवतो, त्याला रिकाम्या जागेची गरज नाही. मी म्हणायची, शक्यच नाही. कणाच्या पोटात नाहीतर शेजारी कुठेतरी रिकामी जागा असते, तुझा पॉझिट्रॉन तिथे बसतो, आणि तू मला सांगतेस की कण दिसला. तुला खड्डा दिसतो वं, कण नाही. तू चिडायचीस. तुझे ओठ बारीक व्हायचे, चष्मा काढून टेबलावर ठेवायचीस आणि फळ्याकडे जायचीस. बाहेर कोणाला वाटलं असतं की वाटणीचं भांडण चाललंय. आमच्या घरचे विचारायचे, आज कशावरून? मी सांगायची, कालच्यावरूनच.

हे मिटवायचा मार्ग आपल्या दोघींना माहीत होता. तापवून एकदम थंड केलेल्या ताज्या तुकड्यात कण अजून धरलेलेच नसतात, नुसत्या रिकाम्या जागा असतात. तिथलं पॉझिट्रॉनचं आयुष्य आधी नीट मोजायचं. मग कण धरत जातील तसं मोजत जायचं. ते सुरुवातीचं मोजमाप हाती आलं, की कोण खरं आणि कोण हट्टी ते कळलं असतं. पण मोजायला वेळ लागतो, आणि आपल्या गावात ताजा तुकडा ताजा राहतोच किती? मे महिन्यात चहा होईपर्यंत आतले अणू सरकायला लागलेले असतात.

म्हणून तो लाल थर्मास. पॉझिट्रॉन सोर्समधून, म्हणजे त्या बंद केलेल्या मिठाच्या थेंबातून, दोन्ही बाजूंनी निघतो, म्हणून सोर्स मधे ठेवून त्याच्या दोन्ही अंगांना एकसारखे तुकडे लावायचे असतात. मी एकाच पट्टीतून शेजारशेजारचे दोन तुकडे कापायची, आरशासारखे घासायची, एकत्र तापवायची, एकत्र बर्फाच्या पाण्यात टाकायची. तिथून जोडी थर्मासमध्ये, थर्मास पिशवीत, तोंडाला स्कार्फ, आणि स्कूटर. माझ्या कॉलेजापासून तुझ्या विभागापर्यंत उन्हात शुकशुकाट असायचा, तरी नेमका सीताबर्डीच्या चौकात मला पोलिसानं धरलं होतं. थर्मासमध्ये काय आहे? बर्फ. बर्फात काय आहे? अॅल्युमिनियम. त्यानं थर्मास कानाशी धरून हलवून पाहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “अॅल्युमिनियम खराब होते का, ताई, उन्हात?” मी म्हटलं, हो, फार लवकर. त्यानं कीव येऊन सोडून दिलं. तुला हे सांगितलं तेव्हा तू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. हसतमुख म्हणणाऱ्यांनी तेवढं एक हसणं पाहिलं असतं तर मी काही बोलले नसते. एरवी तू दारात हातमोजे घालून उभी असायचीस आणि या-बसा न म्हणता थर्मास हिसकून घ्यायचीस. पाणीसुद्धा मला माझं मी घ्यावं लागायचं.

थर्मासनं भागेना, तेव्हा तू तो आईस्क्रीमचा फ्रीझर आणलास. सदरमधल्या कोणत्यातरी दुकानातून काढून टाकलेला, बाजूला आंब्याच्या कोनाचं चित्र अर्धं सोललेलं. त्याच्या दोन्ही कुशींना भोकं पाडून घेतलीस, दोन डिटेक्टर आत डोकावतील असे बसवलेस, आणि मधे आपली जोडी. एक डिटेक्टर पॉझिट्रॉनच्या जन्माची खबर देणार, दुसरा मरणाची. विभागातले लोक जाताना विचारायचे, मॅडम, पिस्ता आहे का? तू दार लावून घ्यायचीस. पण त्या थंडीत अणू जागचे हलत नव्हते. पहिल्यांदाच आपल्याला घाई नव्हती, असं आपल्याला वाटलं.

घाई होतीच. सोर्स म्हातारा होत चालला होता. ते सोडियम अडीच-पावणेतीन वर्षांत निम्मं होतं, मग त्याच्या निम्मं. नवा सोर्स मागून तू थकलीस. मागितला की विचारायचे, किती विद्यार्थी आहेत या विषयाला? विद्यार्थी नव्हतेच. जुन्या सोर्सवर जे काम पूर्वी दुपारभरात व्हायचं, ते आठवड्यांवर गेलं. तू म्हणायचीस, चालेल, फ्रीझर आहे ना. आपण वाट पाहू.

मग तुझं पोट दुखायला लागलं, आणि तू ते अंगावर काढलंस.

पेट स्कॅनच्या दिवशी मी तुझ्याबरोबर होते. ते म्हणजे आपलंच काम. साखरेला पॉझिट्रॉन सोडणारा अणू चिकटवून शिरेतून आत देतात, ज्या पेशी हावऱ्यासारखी साखर ओढतात तिथे तो जमतो, आणि तेच दोन किरण उलट्या दिशांना बाहेर येतात. तू आत यंत्रावरच्या पोराला यंत्र कसं चालतं ते समजावून सांगायला लागलीस, आणि तो म्हणत होता, मॅडम, हलू नका. बाहेर आलीस तेव्हा मी उठून जवळ आले, तर तू हात आडवा केलास. “दूर बस वं. आज मीच सोर्स आहो.” मी समोरच्या भिंतीपाशी बसले आणि आपण एवढ्या अंतरावरून बोलत राहिलो.

चित्रं आली तेव्हा तू ती डॉक्टरांच्या आधी वाचलीस. खिडकीपाशी धरलीस, चष्मा वर केलास. यकृतात, पाठीच्या मणक्यात, बारीक बारीक ठिपके पेटलेले. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, तू चित्राकडे. 

“हे पाह्य, विमल,” तू म्हणालीस. “इथं खड्डा नाही. कणच आहेत.”

  आयुष्यभर तू ज्याला धातूत सोडून आत काय आहे ते विचारत होतीस, त्यानंच तुझ्या आत जाऊन सगळं दाखवून दिलं, आणि दाखवण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. कुठे आहे ते कळलं म्हणजे काढता येईल, असं लोकांना वाटतं. आपल्याला दोघींना माहीत होतं की तसं नसतं.

औषधांनी तुझं तोंड सोलून निघालं, पाणीही गिळवेना. नर्स म्हणाली, बर्फाचे बारीक तुकडे चघळायला द्या. तेव्हापासून लाल थर्मास दवाखान्यात यायला लागला. तू झाकण उघडून आत बघितलंस आणि विचारलंस, जोडी कुठं आहे? मी म्हटलं, आज नाही, आज नुसता बर्फ. तुझा चेहरा पडला. बाई, तुझ्या पाठीचा कणा झिजत होता आणि तुला बर्फात अॅल्युमिनियम नाही याचं वाईट वाटत होतं.

तेव्हाच ठरलं. दोन इंजेक्शनांच्या मधे तुला चार दिवस घरी सोडलं होतं. मी जोडी बनवली, आजवरची सगळ्यात नीट, आणि स्कूटर अशी हाकली की वाटेत स्कार्फ उडून गेला. तुला रिक्षातून आणलं होतं. तरी मला हात लावू दिला नाहीस. तूच सोर्स दोन तुकड्यांच्या मधे ठेवलास, स्वयंपाकघरातल्या फॉइलमध्ये गुंडाळलास, फ्रीझरचं झाकण लावलंस आणि त्या झाकणावर तळवा ठेवून उभी राहिलीस. म्हणालीस, हे शेवटचं. पूर्ण भरू दे. मोजणी भरेपर्यंत हे उघडायचं नाही.

त्यानंतर मी रोज आधी तुझ्या खोलीत जायची, किती पॉझिट्रॉन मोजून झाले तो पडद्यावरचा आकडा बघायची, जपून ठेवायची, आणि मग दवाखान्यात. मी खाटेपाशी पोचायच्या आत तू विचारायचीस, कितवर आलं? ताप किती, झोप लागली का, हे सगळं त्याच्यानंतर. म्हातारा सोर्स कूर्मगतीनं मोजत होता आणि तू त्याच्याहून भराभर संपत होतीस. मला दोन्ही आकडे दिसत होते. एक दिवस माझा धीर सुटला. मी तुझा हात धरून म्हटलं, जाऊ दे सुजाता, तूच बरोबर आहेस. कणच धरतो. मी हरले.

तू डोळे उघडलेस. केवढ्या रागानं पाहिलंस माझ्याकडे.

“मरून राहिली म्हणून मार्क देऊन राहिली का मले? मोजून सांग.”

मोजून सांगते, असं मी म्हटलं. तुझ्याशी झालेलं शेवटचं धड बोलणं ते. नंतर तू नुसतं ‘भरलं का?’ विचारायचीस आणि मी म्हणायची, भरत आलं. ते खोटं नव्हतं. खरंच भरत आलं होतं.

त्या दिवसांत एकदा आईंनी मला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं. माझं मनगट धरलं. “खरं सांग वं माय, त्या मिठानंच खाल्लं ना माह्या पोरीले?” मी सांगितलं की नाही. तो थेंब एवढासा, बंद केलेला, त्यानं असं होत नाही. तू किती काळजीनं हाताळायचीस, दर वेळी तपासणी व्हायची, सगळं सांगितलं. आई ऐकत होत्या. मग माझं मनगट सोडून म्हणाल्या, तू बी त्यातलीच आहेस. सुजाता, मला शपथेवर माहीत आहे की मी खरं बोलले. पण त्या जिन्यात उभं राहून ते खरं कोणाच्या उपयोगाचं होतं?

तू गेलीस. आता फ्रीझरचं सांगते.

तुझ्या विभागात सगळ्यांना वाईट वाटलं, खोटं नाही बोलत. तुझ्याबद्दल आदर म्हणून त्यांनी तुझ्या खोलीला कुलूप लावलं. दाराला झेंडूचा हार घातला, समोर मेणबत्ती लावली. आणि खोली आता बंदच राहणार, मागे काही सुरू राहून आग लागायला नको, म्हणून त्या बाजूचा मेन स्विच पाडला. नंतर दुखवट्याची सुट्टी, तिला लागून शनिवार-रविवार. मे महिना. मी तुझ्या घरी होते, आईंजवळ, मग शोकसभेत. तुझ्या खोलीत जायचं मला सुचलं नाही, आणि गेले असते तरी कुलूप होतं. इन्व्हर्टरनं जमेल तेवढा दम धरला असेल.

सोमवारी शिपायानं किल्ली लावली. बेचारा हार हळूच बाजूला करून खिळ्याला अडकवत होता, फुलं पडू नयेत म्हणून. दार उघडलं आणि कोंडलेली वाफ तोंडावर आली. फ्रीझरच्या खालून पाणी दारापर्यंत वाहून वाळलं होतं, फरशीवर त्याचा डाग उरला होता. झाकण उचललं. आत खोलीइतकीच ऊब होती. मी फॉइलला हात लावला, ते कोमट होतं. विभागप्रमुख मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, काय झालं मॅडम, काही महत्त्वाचं होतं का आत? मी त्यांच्याकडे वळले. तुला माहीत आहे माझं तोंड. पण त्या माणसाचे डोळे सुजलेले होते, तो तुझ्यासाठी रडला होता. त्याच्यावर काय ओरडायचं? मी म्हटलं, नाही सर, काही नाही. आणि मग भिंतीला टेकून रडले. त्यांना वाटलं, तुझ्यासाठी रडते आहे.

तू ठेवलेली जोडी आता ती जोडी राहिली नव्हती. तीन दिवसांच्या उन्हाळ्यात आतले अणू सरकले, जमले, कण धरून बसले. तू जपून ठेवलेला ताजेपणा गेला. तू जाईपर्यंतची मोजणी तेवढी मी रोज साठवलेली होती. ती घरी आणली आणि बसले. आधी तुझं उत्तर धरून रेघ बसवून पाहिली, बसली. माझं धरून पाहिलं, तेही बसलं. पुन्हा तुझं. पुन्हा माझं. अर्धवट मोजणीत दोन्ही उत्तरं बसतात, सुजाता. आणखी थोडे दिवस हवे होते, फार नाही. ते मिळाले असते तर एक रेघ सुटून पडली असती.

पुन्हा करू म्हणायचं, तर कशावर? सोर्स तुझ्या नावावर होता. तू नाहीस म्हटल्यावर नियमाप्रमाणे तो सीलबंद करून परत पाठवायचा. मी स्वतःच जोडी उकलली, चिमट्यानं सोर्स उचलून डबीत ठेवला, आणि माणसं येऊन घेऊन गेली. इतक्या वर्षांचं भांडण, शिशाच्या एका डबीत मावलं आणि जीपमध्ये बसून गेलं. खोलीत आता परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठेवणार आहेत. फ्रीझर भंगारवाल्यानं नेला. तू जे मोजायचीस ते मोजणारं आता या गावात कोणी नाही, आणि पुढे कोणी होईल असं मला वाटत नाही. लोक मला म्हणतात, काम कधी वाया जात नाही. मी ऐकून घेते. ज्याला काम काय होतं तेच माहीत नाही, त्याच्याशी काय वाद घालायचा? वाद घालण्याजोगी एकच होती.

ते दोन तुकडे माझ्याकडे राहिले. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी ते रुमालात बांधून इंदोऱ्याला नेले. वाटलं, तुझ्या हातचं शेवटचं काम आहे, आईंजवळ असावं. तुझ्या फोटोपुढे माणसं बसली होती. आई उठून दारापर्यंत आल्या, मी रुमाल सोडून दाखवला. आई, हे तिनं शेवटी हातात धरलं होतं. यात काही नाही, नुसतं अॅल्युमिनियम आहे, भांड्याचं असते तसं. आईंनी पाहिलं. दोन लखलखीत चौकोन, त्यात त्यांचंच तोंड दिसत असेल. हात पुढे आला नाही.

“बाहेरच ठेव ते,” म्हणाल्या. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, तू मात्र आत ये, जेवून जा.

मी तुकडे स्कूटरच्या डिकीत ठेवले आणि आत जाऊन जेवले. त्या माउलीचं चुकलं असं मी कसं म्हणू? तिला कोणावर तरी राग धरायचा आहे, आणि माझ्याजवळ तिला द्यायला दुसरं काही नाही.

काल मी एक केलं, ते तुला सांगते आणि थांबते. सगळ्यांत माझ्या धातूचं एक बरं आहे, त्याला मागे नेता येतं. पुन्हा पुरेसं तापवलं की आतले सगळे कण विरघळतात. झालं-गेलं काही उरत नाही, तुकडा पहिल्यासारखा होतो. काल कॉलेजात कोणी नव्हतं. मी भट्टी लावली, तुझी जोडी आत ठेवली. का, ते विचारू नको. वेळ भरल्यावर चिमट्यानं काढून बर्फाच्या पाण्यात टाकली. चर्र झालं. हात आपोआप पुढचं करत गेले. पुसलं, थर्मास उघडला, बर्फ भरला, जोडी आत, झाकण घट्ट, थर्मास पिशवीत, स्कार्फ बांधला, जिना उतरले, स्कूटर सुरू केली. इतका चांगला तुकडा हातून उतरला नव्हता कधी. ताजा, एकही कण नसलेला, नुसत्या रिकाम्या जागा. आणि फाटकाशी येऊन मी थांबले. डावीकडे तुझा विभाग. इंजिन सुरू होतं, ऊन नुसतं भाजत होतं, वॉचमननं विचारलं, मॅडम, गाडी बिघडली का?

कुठं नेऊ वं मी आता हे?

स्कूटर बंद केली. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली थर्मास मांडीवर घेऊन बसले. बर्फाचा खडखड आवाज येत होता, तो कमी होत गेला, मग नुसतं पाणी हलायला लागलं. संध्याकाळी झाकण काढून हात आत घातला. पाणी कोमट झालं होतं.

कण धरले असतील. कोणी मोजले नाहीत.